पंधरांतला देवीचा कोणता

आमची माय दरसाल चैत्रात एक गावरान कोंबडा पिशवीत घालून धुळ्याहून गावी जायची. गावच्या शिवेवर मरीमायचा ओटा आहे. तिथे कोंबडा द्यायचा, नारळ फोडायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. पिशवीतून कोंबड्याची मान तेवढी बाहेर असायची. कंडक्टर चेष्टेने विचारायचा, "मावशी, याचं तिकीट?" माय म्हणायची, "तो काय सीटवर बठेल शे का? मन्हा मांडीवर शे." हा कोंबडा कशासाठी, ते ती सांगत नसे आणि सुरुवातीला आम्हीही विचारत नसू. देवाधर्माचं काहीतरी असेल, म्हणून सोडून द्यायचो.

खरं कारण सांगायचं तर आधी पंधरा ब्रॉयलर कोंबड्यांची गोष्ट सांगावी लागते. ती आठवली की माझं डोकं अजूनही तापतं.

नव्वदच्या आसपास आम्ही धुळ्याच्या देवपुरात राहायचो. आबा, म्हणजे आमचे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांना अधूनमधून खूळ लागायचं. एकदा त्यांनी धुळ्याच्या उन्हात न्हाणीघरात अळंबी लावली. अळंबी काही उगवली नाही, आम्ही मात्र महिनाभर अंगणात चादरीआड अंघोळी केल्या. त्यानंतर एका होळीला ते भोकं पाडलेला खोका घेऊन आले. आत पंधरा पिवळी पिल्लं चिवचिवत होती.

"घरची कोंबडी, घरचा रस्सा," आबा म्हणाले. "अखाजीला तुमच्या आत्या माहेरी येतील तोवर तयार होतात."

परसातली लाकडाची खोली रिकामी केली, खाली भुईमुगाची टरफलं अंथरली, वर बल्ब टांगला. पिल्लं अशी वाढली की सकाळी पाहिलेलं संध्याकाळी ओळखू येईना. पिवळ्याची पांढरी झाली आणि एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी दिसायला लागली. खायची, बसायची आणि पुन्हा खायची. मला त्यांचा राग यायचा, कारण खोली झाडायचं काम माझ्याकडे होतं.

घरात आणखी एक काम अडून बसलं होतं, ते माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाचं. तिला आम्ही अक्का म्हणायचो. देवपुरातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज ती शिवायची आणि कोणाच्या अंगाला कुठे घोळ आहे हे नुसतं बघून सांगायची. लहानपणापासून तिचा उजवा पाय जरासा आखूड होता. आम्हाला ते दिसायचंही नाही. बघायला येणाऱ्यांना मात्र दुसरं काही दिसत नसे. चहा-पोहे खाऊन, "निरोप पाठवतो" म्हणून जायचे, आणि निरोप कधी यायचा नाही.

असेच एक पाहुणे गेले त्या संध्याकाळी माय कोंबड्यांच्या खोलीत शिरली. एका पिल्लाच्या पायाला तिने लाल नाडा बांधला आणि गावाच्या दिशेने हात जोडले. "मन्ही पोरनं लगीन जमू दे माय. हाई पिल्लू तुन्हं."

इथपर्यंत ठीक होतं. पण ब्रॉयलरचा पाय काय, दोन-चार दिवसांत जाड. नाडा रुतायला लागला तेव्हा मायेला दया आली आणि तिने तो सैल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाडा गायब. टरफलं चाळली, कोपरे शोधले. शेवटी एकीच्या चोचीतून लाल दोरा लोंबताना दिसला आणि आमच्यासमोर तोही तिने गिळला.

आता पंधरांतला देवीचा कोणता?

मामा, मायेचा धाकटा भाऊ, त्याच वेळी आला होता. मटणाच्या बाबतीत तो फार हळवा. त्याने लगेच निकाल दिला. "नाडा जिन्हा पोटमा, ती देवीनी."

"ते बठ्ठ्यासनी टोचीटोची खादा व्हई," माय म्हणाली. "आते यामातलं एकबी कापानं नही."

आबांनी कचेरीतली सगळी अक्कल पणाला लावली. म्हणाले, निदान माद्या तरी खाऊ, देवीला कोंबडा बोललीस ना? माय म्हणाली, मी कोंबडा बोललेच नाही, 'हाई पिल्लू' बोलले. मग म्हणाले, सगळ्याच्या सगळ्या आत्ताच देवीला देऊन टाकू, त्यात तिचं आलंच. मायेने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चपापले.

"काम व्हवाना आधी दिधं ते ती लाच व्हयनी."

लाचेचं नाव निघताच सरकारी कारकुनांनी चष्मा शोधला. ते पेपर वाचायला लागले.

अशा रीतीने अक्काचं लग्न आणि कोंबडीचा रस्सा एकाच गाठीत बांधले गेले. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या आल्या, झोके झाले, आमरस झाला, आणि कोंबड्या बघून त्या परत गेल्या. कोंबड्या वाढतच होत्या. त्यांना आता दोन पावलं चालल्यावर बसावं लागे. इतकी वर्षं भाचीच्या लग्नाचं नाव न काढणारा मामा दर रविवारी नवं स्थळ घेऊन यायला लागला. स्थळ सांगून झालं की परसात जाऊन कोंबड्यांवर एक नजर टाकायचा आणि म्हणायचा, "लवकर कराले पाहिजे भो." शेजारीपाजारीसुद्धा विचारायचे, "काय, जमलं का?" त्यांची नजर परसाकडे असायची.

मग मे महिना लागला. धुळ्याच्या मे महिन्यात माणसं कशी जगतात हा प्रश्न आहे, ब्रॉयलरचं तर नावच नको. चोची उघड्या टाकून पंधराच्या पंधरा धापा टाकायला लागल्या. त्यातली देवीची मेली तर? मायेने आमचा एकुलता एक टिनाचा कूलर उचलून कोंबड्यांच्या खोलीत नेला. मग बैठकीत थांबणं अशक्य झालं आणि दुपारी सगळं घरच त्या खोलीत मुक्कामाला गेलं. आबा खाटेवर, मी कोपऱ्यात वही घेऊन, अक्काचं शिलाई मशीनही तिथेच. ती पाय मारायची आणि दोन-तीन कोंबड्या तिच्या पायाजवळ गारव्याला बसलेल्या असायच्या.

एका दुपारी मशीन थांबवून ती मला म्हणाली, "आता जो येईल त्याला मी होकार देऊन टाकणार आहे."

"कोणीही असला तरी?"

"कोणीही. या तरी सुटतील. तुझाही नंबर लागेल."

मी इतकी चिडले की पायाशी आलेल्या कोंबडीला ढकललं. म्हटलं, मला नको असला नंबर. अक्का हसली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली. दारात माय दाण्याचा डबा घेऊन उभी होती. ती डबा ठेवून निघून गेली.

आणि पुढच्याच आठवड्यात मामाने रावेरचा माणूस आणला.

केळीचे ट्रक होते त्याचे. पहिली बायको वारलेली. वय विचारलं तर मामा म्हणायचा, "तब्येत चांगली शे." येताना तो केळीचा अख्खा घड घेऊन आला. दुपारची वेळ, बैठकीत भट्टी पेटलेली, त्यामुळे पाहुण्यांना नाइलाजाने कूलर होता तिथेच बसवावं लागलं. टरफलांवर सतरंजी टाकली. कोंबड्या हलायला तयार नव्हत्या, म्हणून त्या पाहुण्यांच्या मध्येमध्ये बसून राहिल्या. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

त्या माणसाला कोंबड्यांतलं कळत असावं. त्याने जवळची एक उचलून मांडीवर घेतली, अंगठ्याने तिची छाती चाचपली आणि खूश झाला. अक्का चहा घेऊन आली तेव्हा त्याचा अंगठा तिथेच होता.

"स्वयंपाक येतो?" त्याने विचारलं.

"येतो."

"चालून दाखवा."

अक्का दारापर्यंत गेली आणि परत आली. कोंबड्यांच्या मधून वाट काढत चालायचं म्हणजे धड पायाच्या माणसालाही जड.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला. "चप्पल काढून."

अक्काने चप्पल काढली. मान खाली घालून पुन्हा चालली. आबा कूलरकडे बघत होते. मला काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं आणि हाताशी फक्त केळी होती. तो माणूस जरा विचार करून मामाला म्हणाला, "चालेल. घरात काय, बसूनच कामं असतात."

मामाचा चेहरा उजळला. अक्काने मान वर केली. ती 'हो' म्हणणार हे मला तिच्या ओठांवर दिसत होतं.

तेवढ्यात त्या माणसाच्या मांडीवरची कोंबडी एकदा फडफडली, तिची मान लुळी पडली आणि ती मेली. अशा उन्हात एवढा वेळ हाताळलेली ब्रॉयलर दुसरं काय करणार? पण तो दचकला. "मी काही केलं नाही," असं तो दोनदा म्हणाला. मामा म्हणाला, "झोपनी व्हई."

माय दारात उभी होती. ती पुढे आली, कोंबडी त्याच्या मांडीवरून उचलून घेतली आणि एवढ्या मोठ्याने बोलली की कूलरचाही आवाज ऐकू आला नाही.

"हाईच ती. हाईच देवीनी. देवीले हाई स्थळ पसंत नही."

"तुले कसं समजनं?" मामा ओरडला.

"माले समजस."

महिनाभर जिला पंधरांतली एक ओळखता येत नव्हती, तिला आता क्षणात ओळखता आली होती. पण देवीचं नाव निघाल्यावर वाद कोण घालणार? रावेरचा माणूस उठला, धोतर झटकलं आणि गेला. घड मात्र राहिला. मामा रागाने बाहेर गेला खरा, पण उरलेल्या चौदा आता मोकळ्या झाल्या हे लक्षात येताच वाटेतून परत आला. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात दोन चुलींवर काळ्या मसाल्याचा रस्सा शिजला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या झाल्या आणि सगळी गल्ली जेवली. अक्काने मागून घेऊन खाल्लं. माय जेवली नाही. तिने मेलेली कोंबडी शेवग्याखाली पुरली आणि उपास आहे म्हणाली.

पुढे दोन वर्षांनी अक्काचं लग्न जमलं, ते शिलाई मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी. त्याने तिला चालायला सांगितलं नाही. तो आला तेव्हा तिच्या पायाशी बसून मशीनचा पट्टा बघत होता. चार वेळा तोच पट्टा बघायला आला, तेव्हा आबांनाही कळलं.

त्या चैत्रात माय गावी निघाली तेव्हा तिच्याकडे नेहमीच्या एकीऐवजी दोन पिशव्या होत्या. एक मला धरायला दिली. एसटीत दोघींच्या मांडीवर एकेक कोंबडा. मी विचारलं, "देवीची तर तेव्हाच मेली ना? मग हे दोन कशाला?"

मायेने मांडीवरची पिशवी सावरली.

"एक नवसना," ती म्हणाली. "लगीन जमनं ना."

"आणि हा?"

"तो दरसालना. ती देवीनी व्हती का नव्हती, माले काय माहित? बठ्ठ्या सारख्याच व्हत्यात. मी देवीना नावे खोटं बोलनू. दंड नको भराले?"

"अगं, पण एकदा भरला की झालं. दरसाल कशाला?"

मायेने माझ्याकडे पाहिलं. तिच्या पिशवीतला कोंबडाही मान वळवून बघायला लागला.

"पस्तावा उना असता ते एकदाव दंड दीसन मिटी जातं," ती म्हणाली. "तो येतच नही. म्हनीसन हर साल भरस."