पंच्याऐंशीची लेन्स आणि आत्याचा पदर

मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मूळचा नांदेडचा. भूतबित, भास, अंगात येणं... असल्या गोष्टींवर मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं हसणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडच वाटतंय.

फोटोग्राफीचा नाद जुना. हे घडलं त्या वर्षी पोर्ट्रेटसाठी पंच्याऐंशी एमएमची प्राइम लेन्स घेतली होती. तिला झूम नाही, आणि माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून ती आणखीच लांब पल्ल्याची होते. चेहरा फार सुंदर येतो, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं... पण माणूस कंबरेपर्यंत हवा असेल तर चांगलंच मागं सरकावं लागतं. घरातल्या खोलीत तर जमतच नाही.

माझी आत्या किल्लारीला दिली होती. भूकंपात तिचे यजमान आणि सासरे दोघंही गेले. नंतर ती पुनर्वसनाच्या नव्या गावात राहायला गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशन ठरलेलं. मी जीप घेऊन भेटायला गेलो तर म्हणाली, "सुधीर, माझा एक फोटू काढ. जुन्या घराच्या जागंवर."

जुन्या गावात आता दगडांचे ढीग आणि बाभळी. आत्यानं पायानं चाचपत आपली जागा बरोबर शोधली, एका जोत्याच्या दगडावर बसली. दुपार कलली होती, उजेड छान होता. आसपास चिटपाखरू नव्हतं.

मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. एक फोटो घेतला, थोडा मागं सरकलो. पुन्हा एक. पुन्हा मागं. त्या लेन्समधून समोरचा चेहरा सोडला तर काही दिसत नाही. आत्याच्या डोळ्यावर फोकस धरून मी आणखी एक पाऊल मागं टाकायला गेलो—

आणि पाठीवर हात लागला.

दोन खांद्यांच्या मधोमध, पूर्ण पंजा. ढकललं नाही. नुसतं थोपवलं, गर्दीत मागं येणाऱ्या माणसाला आपण थोपवतो तसं. मी सहज "सॉरी" म्हणून वळलो.

मागं कुणी नव्हतं. माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर गवताखाली काळं भोक होतं. पेवाचं तोंड... जमिनीखाली धान्य साठवायचं जुनं पेव. खडा टाकला, क्षणभरानं खोलवरून आवाज आला. मी तिथंच खाली बसलो.

"काय झालं रे?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. चल, जाऊ."

"आन् ते कोण हायेत? त्येंला पण घे की जीपमध्ये."

"कोण?"

"तुझ्यामागं हुबं होते ते. मला नीट दिसून नाही राहिलं, पर पटका होता डोक्याला. वडीलधारं माणूस वाटलं, म्हून तर पदर घेतला मी."

तिचा हात धरून निघालो.

लातूरला येऊन फोटो कॉम्प्युटरवर लावले. सुरुवातीच्या सगळ्या फोटोंत आत्याचं डोकं उघडं. शेवटच्या फोटोत पदर डोक्यावर ओढून घेताना हात वर गेलेला, आणि नजर माझ्याकडे नाही... माझ्या खांद्यावरून पलीकडे.

मी खूप डोकं चालवलं. मोतीबिंदूच्या डोळ्याला बाभळीचं खोड माणसासारखं दिसू शकतं, मान्य. पण मी नंतर पुन्हा एकटा जाऊन पाहून आलो. पेवापाशी झुडूपसुद्धा नाही. घाबरल्यामुळे मला भास झाला म्हणावं, तर मी घाबरलो नंतर, हात आधी लागला. आणि तिनं पदर घेतला तो फोटो त्याच्याही आधीचा.

ऑपरेशन उत्तम झालं. आत्याला लांबवरचं स्वच्छ दिसायला लागलं. मी म्हणालो, "आत्या, एकदा परत जाऊन यायचं का तिथं? बघू या."

तिनं पदर सारखा केला.

"नको रे," म्हणाली. "आता चांगलं दिसतंय मला. तिथं कुणीच दिसलं न्हाई, तर?"