तळासरी गटातलं माझं नाव

२०१६च्या सुमारास डहाणूच्या आमच्या कॉम्प्युटर वर्गात एकच मोठा कॉम्प्युटर होता, बाकी सगळे त्याला जोडलेले पडदे आणि कीबोर्ड. सरांनी आमचे गावाप्रमाणे गट पाडले होते: आगर, सायवन, तळासरी. प्रत्येक गटाचं फोल्डर त्या गटातल्यांनाच उघडायचं. तळासरी गटात मी आणि माझ्या दोन मैत्रिणी. रानभाज्यांची पुस्तिका आम्ही तिघी मिळून टाइप करत होतो. शेवळीच्या भाजीचं पान मी लिहिलेलं, काकडं, ती आंबट फळं, घातली नाहीत तर घसा कसा खाजतो त्यासकट.

`groups` टाइप केलं की आपण कुठल्या गटात आहोत ते दिसायचं. मी रोज आल्या आल्या तेच टाइप करायची. कशाला, विचारू नका. बरं वाटायचं.

पुढे सकाळच्या मुलांना शिकवायला मदत कर म्हणून सरांनी मला त्या मुलांच्या डहाणू गटात घातलं. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या नावापुढे फक्त dahanu. आमचं फोल्डर उघडेना.

मी कुणाला विचारलंच नाही. आमच्याकडे लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कापतात, तिकडच्या कार्डावर चढवतात. मला वाटलं, इथेही तीच रीत असणार. मैत्रिणी एसटीत माझी जागा धरेनाशा झाल्या.

"तूच नाव काढलं ना गं? डहाणूवाली झाली आता," एक म्हणाली. मला रडू आलं आणि रागही तितकाच आला. तशीच तणतणत सरांकडे गेले.

सरांनी स्क्रीनवर आधीची कमांड पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अगं, माझाच घोळ. `usermod -G` दिलं, `-a` राहिला. `-a` लावला की जुने गट तसेच राहतात, नवा नुसता जोडला जातो."

त्यांनी कमांड पुन्हा दिली. मी घाईने `groups` टाइप केलं. तळासरी नाहीच!

"लॉगआउट करून परत आत ये," सर हसत म्हणाले.

परत आले. talasari, dahanu, दोन्ही होते. त्या संध्याकाळी एसटीत खिडकीची जागा माझ्यासाठी धरलेली होती. इतका आनंद मला पुढे नोकरी लागल्यावरही झाला नाही.

वर्ग बंद पडला. माझं लग्न झालं आणि आईच्या कार्डावरून माझं नाव कापलं. ते कापताना मी समोरच उभी होते. तिथे `-a` लावायची सोय नव्हती.