चांदी म्हशीची कथा

"डाक्टर, हे तुम्हीच लिहलं ना?"

कौसल्याबाईंनी दिवाळी अंक माझ्या टेबलावर ठेवला. बुलडाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या खेड्यात त्यांची थोडी शेती आणि मुळात तीन म्हशी. मी धाडच्या सरकारी दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर, आणि हौशी कथालेखक. अंकात माझी कथा छापून आली होती. 'अस्सल अनुभवातून आलंय,' असं संपादकांनी फोनवर सांगितलं होतं.

अनुभव कौसल्याबाईंच्या म्हशीचा होता. आदल्या वर्षी ती अडली. म्हणजे वेताच्या वेळी पारडू पोटात आडवं झालं. अशा वेळी हात घालून ते सरळ करायचं आणि ओढून काढायचं. उशीर झाला की गर्भपिशवी फाटते. मी पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. पारडूही गेलं, म्हैसही गेली.

माझ्या कथेतली बाई म्हशीला अंगारा लावत बसते आणि डॉक्टरला बोलवायला उशीर करते. डॉक्टर बिचारा हताश होतो.

"म्या अंगारा कधी लावला?"

"अहो, ती कथा आहे. बाई काल्पनिक आहे."

"मंग म्हशीचं नाव चांदीच काऊन ठेवलं?"

चांदी हे त्यांच्याच गेलेल्या म्हशीचं नाव. मी अंक मिटून बाजूला सारला.

"दहा वाजता फोन लावला. मंग अकरा वाजता, मंग बारा वाजता. तुम्ही चार वाजता आले. मीटिंग होती म्हणले. म्या कोणाले काई बोलली नाई."

मीटिंग नव्हती. बुलडाण्याला कविसंमेलन होतं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. फोन सायलेंटवर होता. मिस्ड कॉल पाहिले ते जेवण झाल्यावर.

"दीरानं घरात सगळ्यायले वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "म्हणते, डाक्टरनंच लिहलं, तूच मारली म्हैस. राह्यलेल्या दोन म्हशी त्याच्या गोठ्यात नेल्या. माह्या हाती काई ठेवलं नाई. तुम्ही फक्त इतकं सांगा त्याले, का म्या टाइमावर फोन केला होता."

तेवढं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग डॉक्टर कुठे होते? मी "बघतो" म्हणालो. त्या अंक न घेताच गेल्या.

मी संपादकांना फोन केला. "एक खुलासा छापता येईल का?"

ते हसले. "डॉक्टर, कथेला कसला खुलासा?"

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

महिनाभरानं त्या गावात लसीकरणाचा कॅम्प लागला. दीरानं मला खुर्ची दिली, चहा दिला. "काय लिहलं साहेब! अगदी डोळ्यासमोर उभं राह्यलं." कौसल्याबाई पलीकडे शेण भरत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या. मी चहा संपवला. सगळ्या म्हशींना लस टोचली आणि निघालो.

पुढे माझी बदली जळगाव जामोदला झाली. ती कथा माझ्या संग्रहातही आली. शाळा-कॉलेजात बोलावतात तेव्हा मुलं विचारतात, अनुभव कथेत कसा आणायचा?

पुरता आणायचा. मी आपल्याला सोयीचा तेवढाच आणला. बाकीचा कौसल्याबाई भोगत आहेत.