लॅपटॉपात अडकलेले धालो

आईची वाचा गेली त्याला आता दीड वर्ष होईल. झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही गेलं. समजतं मात्र सगळं. रागावली की असे डोळे वटारते की साठीला आलेला मी अजूनही खाली मान घालतो. गेल्या पौषात तिच्यावाचून आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बायकांनी धालो कसेबसे दोन दिवसांत उरकले होते. यंदा मात्र पूर्ण करायचेच, असं त्यांनी ठरवलं.

धालो म्हणजे पौषातल्या रात्रींचा बायकांचा खेळ. मांडावर, म्हणजे त्यासाठीच राखलेल्या अंगणात, समोरासमोर दोन ओळी करून, एकमेकींच्या कमरेला हात घालून, पुढे-मागे वाकत गायचं. आमच्या मांडावर पुरुषानं फिरकायचं नाही, पाणी द्यायलासुद्धा नाही. तिथं गाणं उचलायचं काम माझ्या आईचं. तिनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी तिच्यामागून. तिला ती गाणी तिच्या सासूनं दिली. कागदावर कुणी कधी लिहिली नाहीत.

पण माझ्याकडे होती. आमची खाण बंद पडली आणि मी घरी बसलो, त्या रिकामपणात एकदा आईला लॅपटॉपसमोर बसवून मी तिची सात गाणी भरून घेतली होती. ती नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. आता बायका हवालदिल होऊन ओसरीवर आल्या तेव्हा मी ऐटीत सांगून टाकलं, "कशाला घाबरता? सगळी माझ्या लॅपटॉपात आहेत." बढाई मारायची जुनी खोड, दुसरं काय!

यंदा गाणं उचलणार होती शेजारची वहिनी. ती शिरगावची लेक, आवाज खणखणीत. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपताच ती नवा कोरा फोन घेऊन हजर झाली, बरोबर आणखी दोघी. "भाऊ, ह्या मोबायलार घाल रे सगळीं. परवां धालो सुरू जातले. तितल्यान जातलें मरे?"

"अर्ध्या तासाचं काम," मी म्हणालो.

लॅपटॉप माळ्यावरून खाली काढला. त्याची बॅटरी मेलेली, वायर भिंतीला असेल तोवरच तो जगतो. पेनड्राइव्ह लावायच्या फटींत मुंग्यांनी कधी घर केलं कोण जाणे, एकही फट चालेना. आवाज तर कैक वर्षांपूर्वीच गेला होता, त्यामुळे गाणी वाजवून फोनवर भरून घ्यावीत तर तेही नाही. डिचोलीतला दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, आठ दिवस ठेवावा लागेल, उघडल्यावर पुन्हा चालू होईल याची खात्री नाही. राहिला वाऱ्यावरून पाठवायचा मार्ग.

आधी इंटरनेट. फोनचा हॉटस्पॉट लावला, लॅपटॉपनं पकडलाही. पण कुठलंही पान उघडायला गेलं की हे सुरक्षित नाही, असं म्हणून तो अडून बसे. तासाभरानं लक्षात आलं की त्याचं घड्याळ मागे घसरून खाण चालू असतानाच्या सालावर जाऊन बसलं होतं. तारीख दुरुस्त केली. मग म्हणाला, तुमचा ब्राउझर फार जुना आहे. नवा उतरवायला गेलो तर म्हणाला, या मशीनवर तो चालणार नाही. मी त्याला शिव्या घातल्या. वहिनीसमोर घालायला नको होत्या.

मग गाण्यांचं फोल्डर सगळ्यांसाठी खुलं करून फोनमधून त्यात शिरायचा प्रयत्न केला. फोनला लॅपटॉपचं नाव दिसलं, पासवर्ड मागितला. मी पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता. नवीन ठेवला, तोही त्याला पटेना. आई तिच्या कदेलीवर, त्या जुन्या लाकडी खुर्चीवर, बसून माझी तारांबळ बघत होती. बायको पेडण्याची, ती मनात काही ठेवत नाही. "तुमका कितके वेळा सांगलंय, ह्या डबड्याचो नाद सोडा म्हणून," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

शेवटी ब्लूटूथ. दोन्हीकडे एकच आकडा उमटला, वहिनीनं "होय" दाबलं, जोडी जमली. पहिलं गाणं निघालं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली, निम्म्यावर आली आणि फोनची स्क्रीन झोपली. पाठवता आलं नाही, असं लिहून आलं. पुन्हा पहिल्यापासून. मग बायकोनं फोन हातात घेतला आणि स्क्रीन झोपू नये म्हणून ती काचेवर अंगठा फिरवत बसली. तीन चतुर्थांश गेलं आणि वीज गेली. लॅपटॉप काळा. मला खरोखर रडू आलं. चार बायका आणि आई बघत असताना मी काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसलो होतो, आणि माझ्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं.

वीज आली. मी पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरुवात केली. एकेक गाणं पाठवत राहिलो, फोन लॅपटॉपला अगदी खेटून, बायका पाळीपाळीनं अंगठा फिरवताहेत. पोदेर पाव घेऊन येऊन गेला तेव्हा चार पोचली होती. दिवेलागणीला सातवं पोचलं. वहिनीनं टाळी वाजवली. मीही हसलो असेन.

लगेच पहिलं गाणं लावलं. आईचा तो आवाज! किती दिवसांनी घरात तिचा आवाज आला. बायकोनं पदर डोळ्यांना लावला. आई स्वतः ताठ बसून ऐकत होती. गाणं चाललं, चाललं आणि थांबलं. मग फोनमधून आई म्हणाली, "जालें. बंद कर."

वहिनीनं दुसरं लावलं. तेही तसंच थांबलं. "जालें. बंद कर." तिसरंही. वहिनीच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"भाऊ, हीं पुराय ना," ती हळू आवाजात म्हणाली. "मांडा भायर गीत सोंपोवचें न्हय. निमाणें कडवें मांडारच."

शेवटचं कडवं मांडावरच म्हणायचं, ही रीत मला कशी माहीत असणार? मी मांडावर कधी गेलोच नव्हतो. आई थांबली तेव्हा गाणं संपलं असंच मी समजलो होतो. घरात, भर दुपारी, लेकाच्या हट्टापायी गाताना तिनं सातही गाणी अर्धी ठेवली होती.

"मग तेवढं तुम्ही म्हणा," मी म्हणालो. "इतकी वर्षं तिच्याबरोबर गायलात ना?"

"तें तीच एकटी तोंडांतल्या तोंडांत म्हणटाली. आमी तेन्ना नुसत्यो वांकताल्यों."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. वहिनी तिच्यासमोर जमिनीवर बसली. "काकी, निमाणें कडवें?" आईचं तोंड हललं. घशातून एक लांब, उघडा आवाज आला, पुन्हा आला, आणि तिनं तोंड मिटून घेतलं.

वहिनीनं पहिलं गाणं पुन्हा लावलं. आवाज थांबला, पण आईच्या डाव्या हाताची बोटं कदेलीच्या हातावर ठेका धरून चालत राहिली. बऱ्याच वेळानं बोटं थांबली.

"चार वळी," वहिनी म्हणाली. तिनं चार ओळींएवढा ठेका मोजला होता. "तितलो वेळ आमी उगीच वांकतल्यों, काकी. चलता?"

आईनं जोरात मान हलवली. नाही. तिनं पुन्हा तोच ठेका धरला, या वेळी जोरजोरात, माझ्याकडे बघत. लहानपणी पाढा चुकला की ती अशीच बोटं आपटायची, ऐक म्हणून. एकेका ठोक्यानं एकेक शब्द ती सुटा करून देत होती. मी ऐकत होतो, आणि मला एकही कळत नव्हता.