पंचाला घरी कोण पोचवतं

रविवारी माझा धाकटा भाऊ सदानंद आमच्या गावच्या मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात पंच होता. त्याने पेनल्टी दिली. सामना संपल्यावर लोकांनी त्याला मारलं. तो सायकल हातात धरून घरी आला. मंगळवारी तो गेला.

त्यानंतर गावात कुणी शिट्टी हातात घ्यायला तयार होईना. स्पर्धा तर जवळ आलेली. मुंबईच्या गिरणगावात तांडेल म्हणून एक सर पंच तयार करतात, त्यांच्याकडून दोन-चार पंच मागून आणायचे असं समितीने ठरवलं आणि मला पाठवलं. मी वाचनालयात काम करतो, फुटबॉलमधलं मला काही कळत नाही. पण ते सर सदानंदला ओळखत होते, म्हणून त्याच्या भावाला नाही म्हणणार नाहीत, असा अंदाज होता. निघताना अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "विचारलंच तर छातीत कळ आली म्हणा. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे." मी मान हलवली. घाट उतरेपर्यंत ते मला खुपत राहिलं.

परळला उतरलो तेव्हा उजाडलं होतं. संपाला काही वर्षं उलटली होती. एका गिरणीच्या बंद फाटकाला आरसा अडकवून न्हावी दाढ्या करत होता. त्याला तांडेल सरांचा पत्ता विचारला.

"शिट्टीवाले? सरळ लालबागला जा. मसाल्याची गिरण आली की शिंक येईल. शिंकलात की उजवीकडे वळा. म्युनिसिपालटीची शाळा."

मी शिंकलो आणि वळलो. शाळेच्या शिपायाने सांगितलं, सरांचा वर्ग संध्याकाळी भरतो. दिवसभर रस्त्यांवरून फिरलो. मिरची कांडून घ्यायला डबे घेऊन बायका रांगेत बसल्या होत्या आणि ज्यांच्या हाताला काम असायला हवं असे पुरुष कठड्यांवर बसून होते.

संध्याकाळी शाळेत गेलो तर सभागृहातून आरडाओरडा ऐकू आला. "ए चष्मा! आईला विचारून पेनल्टी दिलीस का?" "गिरणी बंद पडली, तशी ह्याची शिट्टी पण पाडा रे बंद!" मारामारी जुंपली असं समजून मी दाराआड उभा राहिलो.

मग शिट्टी वाजली आणि सगळं शांत झालं. "मनोहर, तुझा कान लाल झाला," एक भरदार आवाज म्हणाला. "कान लाल झाला की पुढचा निर्णय चुकतो. परत एकदा."

ते तांडेल सर. ड्रिलचे शिक्षक, वरळी कोळीवाड्यातले. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "कोण, सदानंदचे भाऊ ना? तुमचं पत्र मिळालं. आत या. घाबरलात होय? हा आमचा शिव्यांचा तास. एकाने मधे उभं राहायचं, बाकीच्यांनी पब्लिक व्हायचं. तुम्हीपण घाला एक. गावाकडची ताजी असली तर बरं, आमच्या ह्यांना पाठ झाल्यात."

सगळे हसले. माझ्या जिभेवर एक होती. ती त्या रविवारी सदानंदला घातलेली होती. घालणाऱ्यांत माझा शाळासोबती होता. तेराव्याच्या पंगतीत त्यानेच ते सांगितलं, आणि आजूबाजूचे जेवत राहिले.

"मला येत नाही," मी म्हणालो.

"मग गेल्या जन्मी पुण्य केलंत," सर म्हणाले. भावाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. तो गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. पत्र समितीने माझ्या नावाने लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी परळच्या एका मैदानावर सामना होता. मनोहर पंच. सर रेषेबाहेर बाकावर बसले, मी त्यांच्या शेजारी. मध्यंतराला मनोहर आला, तेव्हा ते त्याला एवढंच म्हणाले, "उजव्या कोपऱ्यात जातच नाहीस. तिकडे काय सासुरवाडी आहे?"

"बस, एकच चूक सांगितलीत?" मी विचारलं.

"एका सामन्यात एकच. सगळ्या सांगितल्या तर शिट्टी टाकून बँकेत चिकटेल पठ्ठ्या."

"असे किती दिवस बसता मग?"

"सर, आता घरी जा, असं तो म्हणेपर्यंत. काहींना चार-पाच वर्षं लागतात."

सामना संपल्यावर दोन्ही कप्तान चिखलाचे बूट हातात घेऊन मनोहरच्या दोन बाजूंनी चालायला लागले. याला इथे 'घरपोच' म्हणतात (पंचाला त्याच्या दारापर्यंत सोडणं). सर म्हणाले, संपात काही लोक कामावर परत गेले, काही नाही गेले. एकाच चाळीत वरचा मजला खालच्याशी बोलेना. तो राग सामन्यात निघायचा. एका पंचाचा हात मोडला. तेव्हा वडीलधाऱ्यांनी ठरवलं, दोन्ही कप्तानांनी पंचाला घरी न्यायचं आणि तिथे पाणी प्यायचं. पाणी नाही प्यायलं तर पुढचा सामना नाही.

आम्ही मागून चालत होतो. हरलेला कप्तान कुरकुरत होता. "मन्या, ऑफसाइड नव्हता रे तो."

"नव्हता तर नव्हता. चल, आई वाट बघत असेल."

मनोहरच्या आईने तांब्या-भांडं आणलं. "आज कुणाला रडवलंस रे?" ती म्हणाली. हरलेल्याने हात वर केला आणि आधी पाणी त्याला मिळालं, शेवटी मलाही.

"तुमच्याकडे पंचाला घरी कोण पोचवतं?" सरांनी विचारलं.

"गाव लहान आहे. सगळे जवळच राहतात," मी म्हणालो. हे बोलताना मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

सर मला जेवायला कोळीवाड्यात घेऊन गेले. बोळ इतके अरुंद की समोरून टोपली आली तर भिंतीला चिकटावं लागे. वलांडीवर (काठ्यांच्या मांडवावर) बोंबील वाळत होते. सरांच्या आईने तळलेल्या ओल्या बोंबलांचं ताट पुढे ठेवलं.

"मी सध्या खात नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. केस अजून बोटभरही वाढले नव्हते. "कोन गेलं रं तुजं?"

"धाकटा भाऊ. त्याचं लग्न झालं नव्हतं."

सरांचा हात थांबला. "सदानंद?"

"कशान गेला?" म्हातारीने विचारलं.

अध्यक्षांनी दिलेलं वाक्य तयार होतं. ते उच्चारायला मी तोंडही उघडलं. "त्याला मारलं," मी म्हणालो. "पेनल्टी दिली म्हणून. आमच्याच लोकांनी."

सरांनी ताट बाजूला सारलं. मग सर म्हणाले, "आणि तुम्ही माझी पोरं मागायला आलात."

"हो."

"कालपासून माझ्याबरोबर फिरताय. मनोहरच्या आईच्या हातचं पाणी प्यायलात."

"वरडू नको त्याला," म्हातारी म्हणाली. "जेवूं दे आदी." तिने बोंबील उचलून नेले आणि माझ्यापुढे भात आणि ताक ठेवलं.

निघताना सर बोळाच्या तोंडापर्यंत आले. "पंच मी देणार नाही. शिकायला पाठवा, शिकवीन, राहायची सोय करीन. पण आधी त्या सामन्यातल्या तुमच्या दोन्ही कप्तानांना पाठवा. शिव्यांच्या तासाला मधे उभं करतो."

मी गावी परतलो आणि समितीपुढे जे घडलं ते सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला." कप्तानांपैकी एकाने शेतीचं निमित्त सांगितलं, दुसरा बैठकीला आलाच नाही. गावात कुणी माझ्यावर रागावलं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मुंबईला एका संध्याकाळी मला जी लाज वाटली ती इथे एवढ्या जणांत मिळून कुणाला वाटली नव्हती, आणि त्यांच्यातला एक मीही आहे.

आमची स्पर्धा बंद आहे. शेजारच्या गावांतले तिघे लालबागला शिकायला जातात. आमच्या गावातून अजून कुणी गेलेलं नाही.