नसांच्या गोळीने केलेली बदनामी

नागीण उठली ती उजव्या अंगाला, बरगड्यांच्या खाली. पाठीच्या कण्यापासून निघाली आणि पोटाकडे सरकायला लागली. चाळीत जो तो येऊन एकच सांगून जायचा, तोंड आणि शेपूट भेटू देऊ नका, भेटलं की माणूस गेला. खालच्या मजल्यावर माझा जुना जोडीदार राहतो. गिरणीत माझ्या शेजारच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर होता. तो लालबागहून एका म्हाताऱ्याला घेऊन आला. म्हाताऱ्याने काव उगाळली, फोडांच्या दोन्ही टोकांना लाल रेघा ओढल्या, काहीतरी पुटपुटला आणि पाच दिवस पाणी लावू नका म्हणून चहा पिऊन गेला. मी पाच दिवस आंघोळ केली नाही. सहाव्या दिवशी ताप चढला तेव्हा मुलीने डोंबिवलीहून फोनवर आरडाओरडा केला, मग परळच्या दवाखान्यात गेलो.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, आमच्या मुलीहूनही लहान. तिने सदरा वर केला आणि विचारलं, काका, हा रंग कोणी फासला? मी म्हटलं, औषध आहे. ती म्हणाली, पहिल्या तीन दिवसांत आला असतात तर माझंही औषध होतं.

फोड सुकले, खपल्या पडल्या. दुखणं तेवढं मुक्कामाला राहिलं. ते कसं होतं ते सांगूनही कुणाला कळत नाही. बनियनचा कपडा लागला तरी कुणी तापलेलं उलथनं फिरवल्यासारखं. पंख्याचा वारा सहन होईना. बघायला गेलं तर अंगावर काहीच नाही, थोडे डाग. त्यामुळे येणारा जाणारा म्हणणार, आता बरं दिसतंय की. दिसतंय, हो. दिसायला मी पण बरा दिसतो.

डॉक्टरीण म्हणाली, नागीण गेली पण नसा दुखावून गेली, आणि कॅप्सूल लिहून दिली. आधी रात्री एक छोटी, मग सकाळीही एक, मग मोठी. दोन गोष्टी तिने बजावल्या. चक्कर येईल, सांभाळून राहा. आणि मनाने बंद करू नका. दुसरी गोष्ट मी ऐकली नाही असं नाही. ऐकली. ती दुसऱ्या पेशंटांसाठी असणार असं समजलो.

दुखणं कमी झालं, खोटं कशाला बोला. उलथन्याची आच गेली, नुसती धग राहिली. पण बदल्यात त्या गोळीने काय काय मागून घेतलं. पाय सुजले, चपलेचा अंगठा पायात जाईना. समोरच्या टॉवरचे दोन टॉवर दिसायला लागले, जसा एक कमी होता. जीभ जड झाली. बोलता बोलता शब्द हरवायचा. स्टोव्हवरचं भांडं उतरवायला चिमटा मागायचा तर हात पुढे करून मी नुसता "ते दे, ते" म्हणत उभा. एकदा बसमध्ये डोळा लागला आणि वरळीच्या डेपोत कंडक्टरने उठवलं. आजोबा, गाडी इथेच झोपणार, तुम्ही पण झोपणार काय, म्हणाला. सगळी बस हसली. बस म्हणजे उरलेली तीन माणसं, पण हसली.

आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. आमच्या खोलीपासून तिथपर्यंत अकरा खोल्या. सकाळी बादली घेऊन मी निघालो की दुसरा हात कठड्यावर नाहीतर भिंतीवर. आणि चाळीत सकाळच्या पारी भिंत धरून, जड जिभेने "सरक रे" म्हणत चालणारा म्हातारा एकाच कारणाने तसा चालतो. निदान मी पूर्वी ज्या कारणाने चालायचो त्याच कारणाने.

ते सांगितलं पाहिजे. संप फिसकटला, गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना आत घेतलं नाही. त्यानंतरची काही वर्षं मी प्यालो. लपवून, उघड, उधारीवर, सगळ्या प्रकारे प्यालो. तेव्हा मी घरी आलो की बायको दारात उभी असायची. मी चप्पल काढायला वाकलो की तीही काहीतरी उचलायच्या निमित्ताने वाकायची आणि माझ्या तोंडाचा वास घ्यायची. मला ते कळायचं आणि मला कळतं हे तिला कळायचं. बोलायचं कुणीच नाही. मग एका दिवशी मी सोडली. कुठे माळ घातली नाही, कुणाच्या पाया पडलो नाही. आठ दिवस थरथरलो, नवव्या दिवशी उठून हमालीला गेलो. तिचं वास घेणं मात्र पुढे दोन वर्षं चाललं. आणि एका संध्याकाळी मी आलो तर ती दारात नव्हतीच. आत बसून भाकऱ्या थापत होती, पाठ माझ्याकडे. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. मला कुठल्या कागदाने पास केलेलं नाही. त्या पाठीने केलं. त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली.

तर परवाच्या गणपतीनंतरची गोष्ट. मी खालून पाव घेऊन आलो, उंबऱ्यावर तोल गेला, चौकट धरली. बायको आली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि घेता घेता तिचं तोंड माझ्या तोंडाशी आलं. क्षणभरच.

मी काही बोललो नाही. बोलायला शब्द सापडले असते तर बोललो असतो, तेही गोळीने नेले होते. तसाच खाली उतरलो. जोडीदाराकडे गेलो तर तो कॅरमची सोंगटी मारता मारता म्हणाला, "काय रे, एकटा एकटा पितोस होय? शेजारधर्म काय आहे की नाय?" तो गंमतच करत होता. पण बाकीचे तिघे हसले नाहीत, खाली बघायला लागले. त्यांनाही गंमत वाटली असती तर हसले असते.

मी तिथेच ठरवलं. दारू मी एका दिवसात सोडली, ही इवलीशी कॅप्सूल काय चीज आहे. नाव जातंय ते हिच्यामुळे, तर हिलाच घालवू. दुखेल तेवढं दुखेल.

आता इथे मी जो शहाणपणा केला तो ऐका. सोडतो म्हणून सांगितलं असतं तर बायकोने मुलीला कळवलं असतं, मुलीने आरडाओरडा केला असता, मला पुन्हा दवाखान्यात नेलं असतं. म्हणून मी सांगितलंच नाही. रोज ठरल्या वेळी पाकीट काढायचं, तिच्यासमोर एक कॅप्सूल बाहेर काढून हातात घ्यायची, पाण्याचा तांब्या उचलायचा, आणि मोरीत चूळ भरायला वळलो की ती कॅप्सूल मोरीच्या भोकात. पाकिटं बरोबर रिकामी होत होती. काही दिवसांत मी सरळ चालायला लागेन, मग सगळ्यांची तोंडं बघीन, असा माझा हिशेब.

पहिला दिवस बरा गेला. मला वाटलं, बघा. दुसऱ्या दिवशी घाम सुटला. पंख्याखाली बसून बनियन पिळून काढावी इतका. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, कपातला चहा बशीत. मळमळ, जुलाब. अकरा खोल्या पार करून जायचं आणि परत यायचं, आल्यावर पुन्हा निघायचं. सगळ्या अंगाला खाज, छाती धडधडतेय, झोपेचं नाव नाही. कुणी प्रेमाने विचारलं तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं, आणि मी जात होतो. जोडीदार विचारपूस करायला आला त्याला मी दारातूनच हाकलला. आणि ज्याच्यासाठी गोळी सुरू केली होती ते दुखणंही परतलं, पहिल्यापेक्षा जोरात.

आणि या सगळ्याचा अर्थ घरात काय लावला? गोळ्या तर वेळेवर चालल्या आहेत, रिकामी पाकिटं साक्षीला आहेत. मग घाम, थरथर, चिडचिड कशाने? बायकोने ते आठ दिवस पूर्वी बघितलेले. म्हणजे मी पीत होतो आणि आता चोरून सोडतोय. किंवा आज मिळाली नाही म्हणून तडफडतोय. मी माझी बदनामी पुसायला निघालो होतो, ती मी स्वतःच्या हाताने पक्की केली.

पाचव्या दिवशी मुलगी आली. आल्या आल्या पाणीसुद्धा प्यायली नाही. माझ्याकडे बघितलं, मग सरळ कोपऱ्यात गेली आणि पाण्याच्या पिंपाच्या मागे हात घातला. मग कपाटाच्या वर, जुन्या ट्रंकेच्या मागच्या फटीत. मी खाटेवर बसून बघत होतो. पिंप तेव्हा लोखंडी होतं, आता प्लॅस्टिकचं आहे, पण जागा त्याच. बरोबर त्याच. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मला वाटायचं तिला काही माहीत नाही.

काही सापडलं नाही तेव्हा ती खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, कुठे ठेवता ते तरी सांगा."

मी म्हटलं, काय सांगू? घरात थेंब नाही. पण हात थरथरत होते आणि थरथरत्या हाताच्या माणसावर कोण विश्वास ठेवणार. मी ओरडलो. नको ते बोललो. बायको मोरीशी उभी राहून भांडी घासत होती, वळलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बायको मला टॅक्सीत घालून परळला घेऊन गेली. मी विरोध केला नाही. मला वाटत होतं, चला, डॉक्टरच सांगेल हिला काय ते, मग ही कशी तोंड दाखवते बघू. खुर्चीवर बसताच मी डॉक्टरणीला म्हटलं, "मी दारू पितो का ते तपासा आणि हिला सांगा." डॉक्टरणीने माझी नाडी धरली, डोळ्यांत बॅटरी मारली, हात पुढे करायला लावले. मग बायकोला म्हणाली, ही दारूची लक्षणं वाटत नाहीत. डोलत चालणं, जीभ जड होणं, हे या गोळीने होतं, मी म्हटलं होतं. मी बायकोकडे बघितलं. बघ, म्हणजे बघ.

पण डॉक्टरीण थांबली नाही. म्हणाली, मात्र हा घाम आणि थरथर गोळी घेतल्याने नाही होत. ती एकदम बंद केली की होतं. गोळ्या चालू आहेत ना?

बायकोने पिशवीतून रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. एका रबरात बांधून आणली होती. म्हणाली, एक खाडा नाही, माझ्या डोळ्यांसमोर घेतात.

डॉक्टरणीने पाकिटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या माणसाच्या हाडांच्या चित्राकडे बघत बसलो. किती वेळ बघणार. शेवटी म्हटलं, मोरीत टाकली.

डॉक्टरीण मला बोलली ती बरंच बोलली. या वयात अशी गोळी एका झटक्यात तोडायची नसते, कुणाला फिटही येते, पायरी पायरीने उतरवायची असते, त्रास होता तर यायचं होतं, मी कमी करून दिली असती. मला ऐकू येत होतं, पण माझं लक्ष बायकोच्या हातांकडे होतं. ती रिकामी पाकिटं पुन्हा रबरात बांधत होती, एकाखाली एक, कडा जुळवून.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा मी म्हटलं, आता तरी पटलं ना, मी प्यायलो नव्हतो. एवढं ऐकून घ्यायचा मला हक्क होता, असं मला तेव्हाही वाटत होतं.

ती तिच्या मालवणीत म्हणाली, "ता माका पयल्याच दिवशी कळला. वास खंय होतो?"

मग मला त्या मुलीपुढे चोर का केलंस, मी विचारलं.

"वास नाय इलो म्हणान तर मी घाबारलंय. दारू असती तर माका म्हायत होता काय करूचा ता. ह्या काय होता ता मी कोणाक विचारूचा?" मग म्हणाली, "तुमका विचारलय असता, तर तुमी माझ्यासमोर तांब्यो उचलून पाणी पितास."

मला यावर काही सुचलं नाही. आणि या खेपेला दोष गोळीचा नव्हता.

डॉक्टरणीने पुन्हा सुरू केली, पण छोटी. दोन आठवड्यांनी आणखी कमी करणार, मग बघणार. घाम तिसऱ्या दिवशी थांबला. पायांची सूज आहे, दुसरा टॉवर कधीकधी दिसतो, बरगडीखालची धग आहेच. जोडीदाराला मी काही खुलासा दिला नाही. त्याला काय समजायचं ते समजो. मुलीला बायकोने फोनवर सांगितलं. पिंपाचं तिच्याशी बोलायला मला अजून जमलेलं नाही.

बायकोने मात्र त्या दिवसापासून गोळीची चौकशीच बंद केली आहे. पाकीट माझ्याजवळ, वेळ माझ्याजवळ. पूर्वी दहादा विचारायची, घेतलीत का. आता विचारत नाही, आणि हे तिच्या विचारण्याहून जास्त लागतं.

आज सकाळी उठलो तर डोकं गरगरत होतं आणि ती गोळी तोंडात टाकायची अजिबात इच्छा नव्हती. ती तांदूळ निवडत बसली होती. मी पाकीट हातात घेऊन समोर उभा राहिलो. काही वेळ ती वर बघेना. शेवटी म्हटलं, "अगं, आज ही नको वाटतेय मला."

तिने सूप बाजूला ठेवलं. किती गरगरतं, कधीपासून, उभं राहिल्यावर की बसल्यावर, सगळं विचारलं. म्हणाली, सोमवारी जाऊया, डॉक्टरणीला सांगूया. तोपर्यंत काय करायचं ते तिने सांगितलं नाही.

मी गोळी घेतली आणि तिच्या शेजारी खडे काढायला बसलो. मला खडे दोन दोन दिसत होते. तेही तिला सांगितलं.