दोन पानांवर एकच सतरंजी

मंडळी, आज मी माझंच एक चित्र फाडलं, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलेलं नाही.

कुटुंबावरचं चित्रपुस्तक काढतेय. एका पानावर वाक्य आहे, ‘आम्ही सगळे एकत्र जेवतो.’ मी सतरंजीवर पाच माणसं गोल बसवली होती.

सकाळी नांदेडच्या बसस्टँडवर स्केच करत बसले होते. उमरीच्या एसटीतून, क्लाससाठी इथं नांदेडात राहणाऱ्या पोरापोरींचे घरचे डबे उतरले. एक मुलगी डबा घेऊन शेजारच्या बाकड्यावर बसली आणि तिनं फोन स्पीकरवर लावला.

“आई, डबा आला. बसलात का?”

“कवाच बसलाव. पप्पा भाकर मोडून वाट बघायलेत. तू घास घे, मंग आम्ही घेतो.”

तिनं घास घेतला. फोनमधून ताटांचा आवाज आला.

घरी येऊन नवं चित्र काढलं. डाव्या पानावर उमरीचं घर, उजव्या पानावर ते बाकडं, आणि घरातली सतरंजी थेट बाकड्यापर्यंत.

चित्र पाठवलं, तर पुस्तकाचे पुण्याचे संपादक म्हणाले, “मुलं गोंधळतील हो.”

म्हटलं, “आमच्याकडची न्हाई गोंधळत. चित्र हेच राहील.”

तुमच्या सतरंजीचं दुसरं टोक कोणत्या गावात आहे?